मुहूर्तावर वाहणारी नदी

अश्लेषा ठवकरचं लग्न हळदीच्या पाण्यावरून मोडलं, आणि ते मोडायच्या जरा आधी तिचे होणारे सासरे चंद्रभानजी बोरकुटे भर मांडवात, केळीच्या खांबाला धरून, ओकले.

असं काही झालेलं नाही. दोन्ही घरांनी एकत्र बसून, चहा घेऊन, तसं ठरवलेलं आहे. लग्न मोडलेलं नाही, ते ‘पुढे गेलं’ आहे. चंद्रभानजी ओकलेले नाहीत, त्यांना ऊन लागलं. मांडवाच्या सावलीत, पंख्यासमोर बसलेल्या माणसाला ऊन कसं लागलं, हे कोणी विचारायचं नाही. तेव्हा आपणही ते झालंच नाही असं धरून चालू आणि नदीपासून सुरुवात करू. नदी मात्र झालेली आहे. त्याला इलाज नाही.

नागपूरच्या कडेला, जिथे घरांच्या प्लॉटांचे ले-आउट संपतात आणि शेतं सुरू व्हावं की नाही या विचारात पडलेली असतात, तिथे बेलझरी नावाची नदी वाहते. नकाशात ती निळी दाखवली आहे. दाखवणाऱ्याने ती पाहिली नसावी. प्रत्यक्षात ती भांडं विसळल्यावर जो रंग उरतो त्या रंगाची आहे, आणि इतकी लहान की एखादी म्हैस आडवी बसली की धरण तयार होतं. अशी ही बेलझरी शेवटी हत्तीतलावाला जाऊन मिळते. हत्तीतलाव मात्र मोठा, समोरचा काठ दिसू नये एवढा. पूर्वी त्यात हत्ती आंघोळ करायचे म्हणे. आता हत्तीला आत उतरवलं तर उतरवणाऱ्यावर केस होईल.

अश्लेषा भूगोलात एम.ए. करत होती आणि तिच्या लघुप्रबंधाचा विषय होता ‘बेलझरी नदी : उगम ते मुख’. हा विषय निवडायला शास्त्रीय कारण एकच होतं, की त्यावर आधी कोणी लिहिलं नव्हतं. अशास्त्रीय कारण म्हणजे नदीच्या वरच्या अंगाला बोरकुटे लॉन होतं. शहरातली अर्धी लग्नं जिथे लागतात अशा लॉनांपैकी ते एक, आणि ते ज्यांच्या मालकीचं त्या चंद्रभानजींचा मुलगा रोशन याच्याशी अश्लेषाचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झालेलं होतं. म्हणजे अभ्यासही होईल आणि गाठभेटही होईल. नदीकडून कोणाची एवढी सोय झाल्याचं पुस्तकात कुठे नव्हतं.

तिने सुरुवात मुखापासून केली, कारण ऑटो तिथपर्यंतच जायचा. पुस्तकातली नदी तलावाला मिळताना गाळ टाकते आणि त्रिभुज प्रदेश तयार करते. बेलझरीनेही केला होता, द्रोणांचा. वरच्या थरात कागदी प्लेटा, त्याखाली थर्माकोल, त्याच्याही खाली पळसाच्या पत्रावळी. थरांवरून काळ कसा ओळखतात हे अश्लेषाला शिकवलेलं होतं. काडीने ती एकेक थर उचकटत गेली आणि पत्रावळीच्या युगाशी पोचल्यावर तिला जी शिसारी आली ती इतकी जुनी होती की तिला ऐतिहासिक म्हणायला हरकत नव्हती. काठाशी मासे तोंडं वर करून थांबले होते. ते किडे शोधत नव्हते. ते बुंदीची वाट पाहत होते.

मग ती नाकाला ओढणी बांधून प्रवाहाच्या उलट दिशेने वर वर निघाली. उजव्या तीरावरून एका गॅरेजची काळी उपनदी येऊन मिळत होती. डाव्या तीरावरून एका सलूनची. ती केसाळ होती. पुलाखाली पाण्यावर जो फेस जमला होता तो तिला आधी बगळा वाटला, आणि त्यावर बसलेला बगळा तिला फेस वाटला. बगळ्याचीही परिस्थिती तशीच होती.

पण तिला खरी अडचण झाली ती प्रवाहाची. बेलझरी काही दिवस नुसती ओली रेघ असे, आणि काही दिवस अशी दणकून वाहे की काठावरची कुत्री घर बदलत. पाऊस नव्हता. वर धरण नव्हतं. नदी भरते कशाने?

याचं उत्तर तिला तुळसाबाईने दिलं. बेलझरीच्या उगमाशी महादेवाचं लहानसं देऊळ आहे, देवळापाशी दगडी गोमुख आहे आणि गोमुखापाशी बेलाची पानं विकत तुळसाबाई बसते.

“तुले माहीत नाही काय वं?” ती म्हणाली. “ज्या दिवशी लग्नाचा मुहूर्त, त्याच दिवशी गोमुखाले धार लागते. मुहूर्त नाही तं थेंब नाही. देवाले बी समजते ना माय, कधी आशीर्वाद द्याचा आन् कधी नाही ते.”

“रोज नाही लागत?”

“रोज लग्न लागतात काय?”

त्या दिवशी मुहूर्त होता. दगडी गायीच्या तोंडातून खरोखरच धार पडत होती, पांढुरकी, दाटसर. लोक तिला दूधधारा म्हणत. एका बाईने ती बाळाच्या टाळूला लावली, एक काका ओंजळभर प्यायले आणि डोळे मिटून उभे राहिले. अश्लेषानेही ओंजळ पुढे केली, आणि ती तोंडाशी नेतानाच तिला वास आला. जिरं. हिंग. कोथिंबीर.

नागपुरातल्या कोणत्याही माणसाने डोळे बांधूनही तो वास ओळखला असता. लग्नातल्या जेवणावळीचा मठ्ठा होता तो.

ती ओंजळ तशीच धरून उभी असताना गोमुखातून, संथपणे, एक बुंदी बाहेर आली आणि तिच्या तळहातावर थांबली.

“प्रसाद हाये वं,” तुळसाबाई हात जोडून म्हणाली. “सगळ्यायलेच नाही भेटत.”

अश्लेषा गोमुखाच्या मागे गेली. वेल बाजूला केले तर दगडी गायीच्या मानेत राखाडी पाइप शिरलेला होता. तो पाइप झुडपांतून, कुंपणाखालून, एका भिंतीला लागून वर गेला होता. तीही त्याच्याबरोबर वर गेली आणि बोरकुटे लॉनच्या मागे, भांडी घासायच्या ओट्यापाशी निघाली. तिथे ढिगाने पातेली पडली होती. बाया राख आणि साबण घेऊन बसल्या होत्या. खरकटं पाणी ओट्यावरून वाहत एका जाळीत जात होतं आणि जाळी तुटलेली होती. बाजूला उभा राहून रोशन फोनवर कोणाला तरी जिलेबी कमी पडल्याचं सांगत होता.

“रोशन, ही नाली कुठं जाते?”

“कोणती?” रोशनने नालीकडे न पाहता विचारलं. एवढी मोठी नाली न दिसायला सराव लागतो.

“ही. जिच्यात आत्ता वांग्याची भाजी गेली.”

“हे होय. हे देवस्थानाचं काम हाये. बाबानं केलं.”

मग त्याने सगळं सांगितलं, आणि ते त्याने इतक्या सरळपणे सांगितलं की अश्लेषाला मध्ये ओरडायला जागा सापडली नाही. लॉनसाठी बोअर मारली, ती खोल गेली आणि गोमुखाचा खरा झरा आटला. लोक देवळात येऊन हळहळायचे. चंद्रभानजींना फार वाईट वाटायचं. देवाचं गोमुख कोरडं कसं ठेवायचं? म्हणून त्यांनी स्वतः उभं राहून पाइप टाकून घेतला.

“संडासचं पाणी वेगळं हाये पण,” रोशन म्हणाला. “ते बाबानं त्यात नाही येऊ देलं. तेवढी पवित्रता ठेवली.”

“ते कुठं जाते मग?”

“ते डायरेक्ट तलावात.”

अश्लेषाने ती बुंदी अजून मुठीत धरली होती. तिने मूठ उघडली, रोशनच्या शर्टाला हात पुसला आणि घरी निघून आली. घरी आल्यावर तिने साबणाची वडी संपवली.

एवढ्यावर ते भागलं असतं. लघुप्रबंध तिने दुसऱ्या नदीवर लिहिला असता, मठ्ठा सोडून दिला असता. पण त्याच आठवड्यात तिच्या होणाऱ्या सासूबाई, रुखमाबाई, सक्करदऱ्याला ठवकरांच्या घरी हळदीची साडी घेऊन आल्या आणि पोहे खाता खाता अश्लेषाच्या वडिलांना म्हणाल्या,

“आन् बरं का इवाईबुवा, आमच्या घरची एक रीत हाये. बोरकुट्याची सून हळदीची आंघोळ करते ते बेलझरीच्या उगमाच्या पाण्यानंच. माह्या सासूनं केली, मी केली. डोक्यावरून कळशी ओतली का ते घरची झाली. नाही तं ते पाहुणीच.”

अश्लेषाने तोंडातला घास तसाच ठेवला.

“वा!” तिचे वडील गोपाळराव म्हणाले. नागपूरच्या महाल भागात त्यांचं सायकलच्या सुट्या भागांचं दुकान होतं आणि कोणतीही जुनी वस्तू त्यांना आदरणीय वाटे. “हे तं एकदम शास्त्रोक्त झालं. इचा तं अभ्यासच त्या उगमावर हाये!”

“म्हणून तं म्हटलं,” रुखमाबाई खूश होऊन म्हणाल्या, “हे पोट्टी आपल्यासाठीच जल्मली.”

पाइपचं रुखमाबाईंना माहीत नव्हतं. चंद्रभानजींनी पुण्य गुप्त ठेवलं होतं. त्या गेल्यावर अश्लेषाने वडिलांना सगळं सांगितलं; मठ्ठा, बुंदी, तुटलेली जाळी. गोपाळरावांनी नीट ऐकून घेतलं आणि विचार करून म्हणाले,

“पोरी, नदीत मेलेलं ढोर बी वाहत जाते. तरी ते नदीच राह्यते ना?”

“बाबा, ही नदी नाहीये. हा लोकांच्या ताटातला उष्टा मठ्ठा हाये.”

“डोक्यावरून घ्याचा हाये ना. प्याचा थोडी हाये.”

आता राहिला रोशन. अश्लेषा त्याला तलावाच्या वरच्या काठावर भेटली, जिथे वारा दुसरीकडून येतो, आणि स्पष्ट सांगितलं की ती त्याच्यावर प्रेम करते, त्याच्या घरी नांदेल, भांडीसुद्धा घासेल, पण घासलेल्या भांड्यांचं पाणी डोक्यावरून घेणार नाही. एक तर तू घरी खरं सांग, नाही तर काहीतरी कर.

रोशनला खरं सांगण्यापेक्षा काहीतरी करणं सोपं वाटलं. “टेन्शन कायले घेतं? मी आरओची कॅन आणतो. ऐन टायमाले कळशीतलं पाणी फेकतो आन् आरओचं भरतो. कोणाले कळते? सून बी घरची, रीत बी झाली.”

अश्लेषाला त्याचा एवढा अभिमान वाटला की तिने तलावाकडे प्रेमाने पाहिलं, आणि लगेच नजर वळवली. प्रेमालाही मर्यादा असते.

हळदीचा कार्यक्रम बोरकुटे लॉनवरच होता, दोन्हीकडचा एकत्र. त्या दिवशी मुहूर्त असा जबरदस्त होता की लॉनच्या पलीकडच्या भागात सकाळीच एक लग्न लागून दुपारची मोठी पंगत उठली होती. भूगोलाच्या भाषेत सांगायचं तर वरच्या खोऱ्यात अतिवृष्टी झाली होती आणि नदीला पूर होता.

अश्लेषा पिवळी साडी नेसून, हळद लावून घेऊन पाटावर बसली. भोवती बाया गाणी म्हणत होत्या. बँडच्या गजरात कळशी आली. आंब्याचा डहाळा, नारळ, कुंकवाची बोटं. पुढे रुखमाबाई, मागे चंद्रभानजी, तुळसाबाईलाही मानाने बोलावलेलं. अश्लेषा निश्चिंत होती. रुखमाबाईंनी नारळ उचलला आणि तिला वास आला.

आरओच्या पाण्याला वास नसतो.

तिने मान लांब करून कळशीत पाहिलं. वर तांबड्या तर्रीचा तवंग होता. तवंगावर कोथिंबीर. कोथिंबिरीच्या आडोशाला लिंबाची बी, आणि मधोमध, लहानशा होडीसारखं, वांग्याचं देठ. तिने रोशनकडे पाहिलं. रोशन मांडवाचं कापड पाहत होता.

“रोशन,” ती दबक्या आवाजात म्हणाली, “कॅन?”

“बाबानं पाह्यली,” रोशन ओठ न हलवता म्हणाला. “म्हणे, देवाच्या पाण्यात भेसळ करतं काय बे? सगळं आरओ फेकून देलं आन् सोता जाऊन ताजं भरून आणलं.”

“तेल दिसून राह्यलं वं याच्यात,” कोणीतरी आत्या कळशीत डोकावून म्हणाली.

“चांगलंच हाये,” दुसरी म्हणाली. “कातडी मऊ होते.”

रुखमाबाईंनी कळशी उचलली. तेव्हा अश्लेषाने हात वर केला आणि अतिशय गोड आवाजात होणाऱ्या सासऱ्यांना विचारलं, “मामाजी, हे पाणी उगमाचं आहे ना? पवित्र आहे ना?”

“हाव तं,” चंद्रभानजी म्हणाले.

“मग घरातल्या मोठ्या माणसानं आधी तीर्थ घ्यावं. तुमच्याआधी मी कसं घेऊ? मले बरं नाही वाटत.”

सगळा मांडव गहिवरला. “संस्कार पाहा पोरीचे!” “आजकाल कोण विचारते मोठ्यायले?” गोपाळरावांनी डोळे पुसले. पाण्याचं खरं माहीत असलेली माणसं मांडवात चारच होती: एक पाटावर बसली होती, एक कापड पाहत होता, एक डोळे पुसत होता आणि चौथ्याच्या चेहऱ्यावरचं कुंकू घामाने खाली उतरू लागलं होतं.

“मी सकाळीच घेतलं,” चंद्रभानजी म्हणाले.

“मंग अजून एकडाव घ्या,” रुखमाबाई म्हणाल्या. “पुण्य काय जास्तीचं होते?”

त्यांनी बोटाच्या टोकावर थेंब घेतला.

“एवढुसंच? देवाचं घेता तं मन मोठं ठेवा. ओंजळ करा.” आणि रुखमाबाईंनी नवऱ्याच्या ओंजळीत कळशी वाकवली. देठही गेलं.

चंद्रभानजी प्यायले. माणूस निष्ठेचा होता यात शंका नाही. त्यांनी ते गिळलं, हसले, हात जोडले, “गोड हाये,” असंही म्हणाले. मग ते केळीच्या खांबाकडे चालत गेले, त्याला दोन्ही हातांनी धरलं, आणि जे झालेलं नाही ते झालं. ते बराच वेळ होत राहिलं. हळदीचं ताट खांबाशीच ठेवलेलं होतं. नंतर त्यातली हळद कोणती हे सांगता येईना.

“ऊन लागलं,” गर्दीतून कोणीतरी म्हणालं, आणि तो शब्द सगळ्यांना इतका आवडला की पंखे अजून वाढवण्यात आले.

चंद्रभानजींना खुर्चीवर बसवलं. कांदा हुंगवला. रुखमाबाईंनी पदर खोचला आणि कळशी पुन्हा उचलली. “चला, मुहूर्त टळून राह्यला.”

अश्लेषाने रोशनकडे पाहिलं. आता त्याने एक वाक्य बोलायचं होतं. ‘आई, ओतू नको.’ एवढंच. मोठं वाक्य नव्हतं ते, लहान मुलंही म्हणतात. सगळ्या आयुष्याचं जे काय व्हायचं ते त्या वाक्यावर टांगलेलं आहे हे तिला दिसत होतं. रोशन जवळ आला, वाकला आणि कानात म्हणाला,

“घेऊन घे ना अश्लेषा. दोन मिनिटाचं काम हाये. डोळे मीट, नाक बंद कर. घरी जाऊन शाम्पू करून घे.”

शाम्पू या शब्दाला अश्लेषा पाटावरून उठली.

ती उभी राहिली आणि भूगोलाच्या तासाला सांगावं तसं तिने सगळ्यांना सांगितलं. हा ओटा. ही जाळी. हा पाइप. हे गोमुख. ही नदी आणि तो तलाव. खडू नव्हता म्हणून तिने हळदीच्या बोटाने मांडवाच्या कापडावर नकाशा काढला, दिशादर्शक बाणासकट.



“मंग बुंदी?” तुळसाबाईने विचारलं.

“बुंदी पण, मावशी.”

तुळसाबाई हळूच खाली बसली. तिने ती खाल्लेली होती. मग एकेकाला आठवू लागलं. कोणी श्रावणात प्यायलं होतं, कोणी पोराला पाजलं होतं, एकाने बाटलीत भरून पुण्याच्या भावाला पाठवलं होतं. रुखमाबाईंना आपल्या हळदीच्या वेळी पाइप नव्हता याचा हिशेब लागेपर्यंत त्या नवऱ्याकडे अशा पाहत राहिल्या की त्यांनी पुन्हा खांब धरला. मग सगळे पाहुणे एकदम उठले आणि हात धुवायच्या नळांवर तुटून पडले. खळखळून चुळा भरल्या, घशात बोटं घातली, पुन्हा चुळा भरल्या. ते सगळं पाणी नळांखालच्या नालीतून त्याच जाळीत गेलं, आणि गोमुखाला त्या दिवशी जशी धार लागली तशी देवळाच्या इतिहासात कधी लागली नव्हती. देवळात बसलेल्यांनी, ज्यांना काहीच कळलेलं नव्हतं, नारळ फोडले.

दोन दिवसांनी दोन्ही घरं चहाला बसली. चंद्रभानजी अशक्त होते, पण त्यांचा विचार पक्का होता.

“पाइप काढला तं गोमुख कोरडं होते. गोमुख कोरडं तं उगम नाही. उगम नाही तं रीत नाही. आन् रीत नाही तं आमच्या घरी लग्न नाही होत.”

“तुम्ही खरकटं दुसरीकडं सोडा ना,” अश्लेषा म्हणाली.

“मंग गोमुखातून काय येईन?” चंद्रभानजींनी विचारलं, आणि ते खरोखरच विचारत होते.

“थोडं तू समजून घे, थोडं आम्ही घेऊ,” रोशन म्हणाला. “कळशी नको तं तांब्या. अर्धा तांब्या. चालते?”

या माणसाशी लग्न झालं तर पुढे आयुष्यभर प्रत्येक घाणीचा अर्धा तांब्या कसा वाट्याला येईल, हे अश्लेषाला उगमापासून मुखापर्यंत दिसलं. ती हसली.

“रीत मी पाळते,” ती म्हणाली. “पूर्ण कळशी घेते. फक्त उगम हलवा.”

“उगम कसा हालवाचा वं?” गोपाळराव घाबरून म्हणाले.

“सरकारी काम हाये,” अश्लेषा म्हणाली. “अर्ज करावा लागते. मंजुरी आली का दुसऱ्या दिवशी लग्न.”

यावर कोणाला हरकत घेता येईना. लग्न मोडलेलं नाही, मंजुरीसाठी थांबलेलं आहे, हे सांगायला दोन्ही घरांना बरं पडलं. चहा संपला. त्याच दुपारी अश्लेषाने स्वच्छ अक्षरात अर्ज लिहिला आणि टपालात टाकला:

‘प्रति, मा. प्रमुख, नदी-उगम स्थलांतर कक्ष, नागपूर (असा कक्ष अस्तित्वात नसल्यास तो प्रथम स्थापन करावा). महोदय, बेलझरी नदीचा उगम सध्या ज्या ठिकाणी होतो ते ठिकाण उगमास योग्य नाही, याची मी प्रत्यक्ष ओंजळीत घेऊन खात्री केली आहे. तरी सदर उगम तेथून हलवून एखाद्या डोंगरात, शक्यतो झाडाच्या सावलीत व सर्व लॉनांच्या वरच्या अंगास, मंजूर करून मिळावा. आणि ही मंजुरी मिळेपर्यंत, रीत खंडित होऊ नये म्हणून, श्री. रोशन चंद्रभान बोरकुटे यांना प्रत्येक लग्नमुहूर्तावर सदर गोमुखाखाली बसवून पूर्ण कळशीने आंघोळ घालण्याचे आदेश संबंधित विभागास व्हावेत, ही नम्र विनंती.’